पान नऊवरची चूल

कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो उजेडाकडे धरायचे. लग्नपत्रिका असो, दवाखान्याच्या उद्घाटनाची जाहिरात असो, नाहीतर मी लिहिलेला मजकूर असो. कागद पालथा करून मागची बाजू बघायची, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि मग चष्म्याच्या वरून आपल्याकडे बघत विचारायचं, "हे कशावरून?"

आमच्या साप्ताहिकात त्यांना सगळे जमादार म्हणत. बीडच्या बसस्टँडमागं, एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं कार्यालय. मी तिथं साहित्याची पानं बघते. जमादार पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण काठी त्यांनी फार कमी हातात धरली. नोकरीची बहुतेक वर्षं ठाण्यातल्या टेबलाशी गेली. फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहायचं काम. अशा माणसाला तिकडं 'रायटर' म्हणतात. अक्षर इतकं देखणं की मालक म्हणायचे, ह्यांनी लिहिलेला पंचनामा वाचून चोरालाही बरं वाटत असेल. ऱ्हस्वदीर्घही पक्कं. म्हणून मालकांनी त्यांना मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, की ज्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी 'ह्याला माझी तारीख कुणी सांगितली' असा प्रश्न पडतो. जमादार त्यातले. आमच्याकडं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिराती येतात. एकदा अशा जाहिरातीवर त्यांनी लाल शाईनं गोल केला. शब्द होता 'कार्यसम्राट'.

"कार्य कोनतं? ठिकाण न्हाई, तारीख न्हाई."

मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "जमादार, जाहिरात आहे ती!"

"मग पुढं कंसात 'म्हणे' घाला."

एकदा पुस्तकांची पोच लिहिणारे गृहस्थ आजारी पडले आणि अंकाला उशीर होत होता. मी एक कवितासंग्रह जमादारांपुढं सरकवला. अर्ध्या तासात मजकूर आला: 'पुस्तक मिळाले. पाने बहात्तर. पान पाचवर चंद्र खिडकीतून आत आला असे कवी सांगतात. खिडकी कोणत्या दिशेस होती याचा उल्लेख नाही. पान एकवीसवर कवीचे हृदय चोरीस गेले आहे. फिर्याद दिल्याचे दिसत नाही.' कवी निवृत्त प्राध्यापक. तणतणत जिना चढून आले आणि जाताना अंकाच्या दहा प्रती घेऊन गेले. तेव्हापासून 'पोच' हे सदर जमादारांचं झालं. खाली नाव नसायचं, पण लोक अंक उघडून आधी तेच वाचायचे.

आता जे सांगायचं आहे ते एका चित्रकथेबद्दल आहे.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर एक तरुण बाई कार्यालयात आली. एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायची. आत आल्यावर तिनं आधी दार लावून घेतलं, मग पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. आत चोवीस पानांचा अंक होता, काळ्या शाईत काढलेला. नाव 'हजेरी'. खाली लिहिलं होतं, अंक पहिला. चित्रकाराचं नाव कुठंच नव्हतं.

"ह्याबद्दल लिहा मॅडम. पण माझं नाव येता कामा नये. कुणाला तोंडीसुद्धा सांगायचं नाही."

ती पारधी वस्तीतली होती. आडनाव असं की सोयीनं कुणीही आपलं समजावं. घरमालकीण तिला आपल्याच भावकीतली समजत होती आणि हिनं समजू दिलं होतं. शाळेतही मुख्याध्यापक सोडले तर कुणाला माहीत नव्हतं. "कळलं की दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागेल," ती म्हणाली. "आधी दोनदा सोडलीय." मी तिला शब्द दिला.

अंक मी त्याच बैठकीत वाचला. एका मुलखात काही माणसं निराळी जन्माला येतात. कुणाला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं, कुणी तितरासारखी शीळ घातली की ती तीन डोंगर पलीकडं पोचते. बाकीच्यांना त्यांची भीती वाटते. म्हणून त्यांना रोज संध्याकाळी चावडीवर हजेरी द्यावी लागते आणि मुलखात काहीही हरवलं तरी आधी झडती त्यांच्या पालांची होते. त्यांच्यातल्या एका मुलीच्या बोटांचे ठसे कशावरच उमटत नाहीत. मोठी झाल्यावर तिला कळतं की आपण ज्याला हात लावू ते घटकाभर दिसेनासं होतं. ती पाठीला वाकळ बांधून उडते, ती वाकळ वाऱ्यावर फडफडते आणि गणवेशातले लोक यायच्या आत ती एकेका पालाला हात लावत सुटते. शेवटच्या पानावर एकच पाल उरलेलं असतं आणि गाडी वळणावर आलेली असते.

हा अंक मीच लिहायला घेणार होते. सोमवारी पाहते तो जमादारांच्या टेबलावर. माझ्या खणाशेजारच्या गठ्ठ्यातून त्यांनी तो उचलला होता.

"हे मी घेतो."

"जमादार, हे तुमच्या विषयातलं नाही."

"पोलीस हायत ह्यात. माझाच इषय."

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले. अंक वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"ह्यातला प्रत्येक पोलीस खालून वर काढलाय. हनुवटी, नाकपुड्या, पट्टा. तोंड नीट एकाचंबी न्हाई. म्हंजे बघनारं पोर लई लहान होतं. जिमिनीवर बसलेलं."

"काल्पनिक आहे ते. उडणारी बाई आहे त्यात."

"उडनारी बाई काल्पनिक. पट्टा खरा हाय."

मी मुद्रितात डोकं घातलं. ते थांबले नाहीत. "पाकिटावर तिकीट न्हाई. हातानं आलं. कुनी दिलं?"

"दाराखालून कुणीतरी सरकवलं होतं."

त्यांनी वळून दाराकडं पाहिलं. शांतपणे म्हणाले, "दाराखाली फट न्हाई, मॅडम."

त्या दिवसापासून आमच्या दोघांत काहीतरी बिघडलं. मी बोलत असले की ते माझ्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघायचे. मी फोन घ्यायला गॅलरीत गेले की त्यांची खुर्ची करकरायची. मालकांकडून मला एक गोष्ट कळली आणि माझी झोपच उडाली. जमादार काही वर्षं ज्या ठाण्यात रायटर होते, त्याच्या हद्दीत पालीच्या धरणाकडचा माळ येत होता आणि तिथं तेव्हा पारध्यांची पालं होती. अंकाच्या पहिल्याच पानावर धरणाची भिंत आणि माळ काढलेला होता. मला वाटलं, ह्यांना हिला गाठायचं आहे. जुनी प्रकरणं निघू नयेत म्हणून, नाहीतर जुन्या सोबत्यांना सांगायला. खाकी उतरली तरी आतला माणूस उतरतो थोडाच, असं मी स्वतःशी म्हणत राहिले.

आठवडाभरानं तिचा फोन आला. आवाज अगदी खाली. "मॅडम, शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथं एक म्हातारा दोन दिवस झाले बसतोय. पांढरा शर्ट, जाड चष्मा. माझ्याकडंच बघतोय. तुम्ही कुणाला बोललात का?"

मी रिक्षा केली. जमादार बाकड्यावर ताठ बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. मला बघून ते दचकले नाहीत. सरकून जागा करून दिली.

"कशी सापडली?" मी विचारलं. मला संताप आवरत नव्हता.

त्यांनी शाळेच्या भिंतीकडं बोट केलं. 'झाडे लावा' असं रंगवलं होतं. "झ बघा. शेपूट आत वळलंय. अंकातबी तसंच हाय. अक्षर लपत न्हाई कुनाचं."

"तिला नोकरी आहे, जमादार. भाड्याची खोली आहे. तुम्ही इथं बसलात तर चार लोक विचारतील, हा कोण आणि कशाला बसलाय. काय हवंय तुम्हाला तिच्याकडून?"

त्यांनी पिशवीतून अंक काढला. पान नऊ उघडलं. मी ते पाहिलेलं होतं, पण त्यांच्यासारखं नाही. झडती झालेली. चूल लाथेनं उलटलेली, राख पसरलेली. पिठाचा डबा पालथा आणि एक बूट टाचेनं त्या पिठात माती कालवतोय.

"हे कुठंच लिवलेलं न्हाई," जमादार म्हणाले. "कुठल्या कागदात न्हाई, कुठल्या पेपरात न्हाई. मग हिला कसं कळलं?"

"ती तिथं असेल."

"मीबी होतो."

टपरीवाल्यानं विचारलं नसताना दोन चहा आणून ठेवले. जमादारांनी कपाला हात लावला नाही.

"झडतीत काईच सापडलं न्हाई. मग राग कशावर काढायचा? एकानं चूल उडवली. दुसऱ्यानं पीठ तुडवलं. मी पेटीवर बसून लिवत होतो. 'आक्षेपार्ह काही मिळून आले नाही. घरातील वस्तू जशाच्या तशा ठेवण्यात आल्या.'" त्यांनी अंक मिटला. "लाथ माझी न्हवती. अक्षर माझं होतं."

खरं सांगते, माझा विश्वास बसत नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब लिहिलेल्या माणसाला जबाब कसा द्यायचा हे चांगलं माहीत असतं.

"तिच्याशी मी बोलनार न्हाई," ते म्हणाले. "फक्त गाव कोनतं तेवढं विचारून सांगा. पालीच्या माळावरचीच का. नंतर मी हितं दिसनार न्हाई."

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगा. त्यात काय लपवायचं? आम्ही तिकडचे, परळी तालुक्यातले. धर्मापुरीच्या पुढं आमची पालं होती." पालीचं धरण तिनं शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. चित्राला बरं दिसतं म्हणून काढलेलं.

म्हणजे जमादारांचा तर्क साफ चुकला होता. तिची चूल दुसऱ्या हद्दीतली, दुसऱ्या ठाण्याच्या लोकांनी उलटलेली. मी त्यांना तसं सांगितलं. मला वाटलं, ओझं उतरल्यासारखा त्यांचा चेहरा सैल होईल.

ते म्हणाले, "म्हंजे तिथंबी."

एवढंच. उरलेला दिवस त्यांनी एकही चूक न काढता मुद्रितं तपासली आणि नेमक्या त्याच अंकात सहा चुका राहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी 'पोच' माझ्या टेबलावर होती. ती जशी होती तशीच देते:

'"हजेरी", अंक पहिला, मिळाला. पाने चोवीस. चित्रकाराचे नाव नमूद नाही, ते योग्य आहे. कथेतील मुलगी हात लावून घरे अदृश्य करते. हे शक्य आहे असे मला वाटत नाही. पान सहावर फौजदाराच्या खांद्यावरील पट्टी चुकलेली आहे, पुढील अंकी दुरुस्त करावी. पान चौदावर पहाट आहे असे म्हटले आहे, परंतु सावल्या दुपारच्या आहेत. पान नऊवर चूल उलटलेली व पिठात माती कालवलेली दाखवली आहे. सदर झडती माझ्या हद्दीतील नाही, तरी चित्र मला ओळखता आले. अशा झडतीचा पंचनामा मी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. त्यात चुलीचा व पिठाचा उल्लेख नाही. वस्तू जशाच्या तशा ठेवल्या असे त्यात लिहिले आहे. ते खोटे आहे. चित्र खरे आहे. अंक वाचकांनी घ्यावा.'

खाली, सदराच्या इतिहासात पहिल्यांदाच, नाव होतं. पूर्ण नाव, हुद्दा आणि बक्कल नंबर.

मालकांनी दोनदा वाचलं. "छापायचं?" त्यांनी मला विचारलं. मी जमादारांकडं पाहिलं. ते टोपण लावलेलं पेन हातात धरून खिडकीबाहेर बघत होते.

छापलं.

फोन आले, यायचेच होते. जुन्या सोबत्यांपैकी एक जण जिना चढून आला आणि मालकांना म्हणाला, "खात्याचं मीठ खाल्लं त्यानं! मरताना कावून बाटतोय बे हा?" सकाळी मैदानावर फिरणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यानं जमादारांना टाळायला सुरुवात केली. मी विषय काढला तर म्हणाले, "बरं झालं. लई हळू चालत होते."

तिला मी आमच्या साप्ताहिकाचा तो अंक नेऊन दिला. तिनं तो शाळेच्या व्हरांड्यात उभ्याउभ्याच वाचला.

"ह्यांना आता काय हवंय, मॅडम?"

"काही नको म्हणतात."

"असं कुणी असतं का?"

तरी तिनं आणखी एक प्रत मागून घेतली, आईला वाचून दाखवायला. दोन दिवसांनी तिचा निरोप आला. आई सगळं ऐकून एकच म्हणाली होती: "इचार त्याला, पीठ कशाचं हुतं."

मी विचारलं. जमादारांना आठवायला क्षणही लागला नाही. "बाजरीचं. थंडीचे दिस होते." मग त्यांनी विचारलं, "पिठाचं कुनी इचारलं?" मी सांगितलं. ते खुर्चीत मागं टेकले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुनी इचारलं," ते म्हणाले. "मग ते कागदावर यायलाच पायजे."

त्यानंतर ते कधी यायचे, कधी नाही. जुन्या ठाण्यात जाऊन त्यांनी तो पंचनामा बघायला मागितला. मुदत संपलेले कागद केव्हाच नष्ट केले, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी तो नव्यानं लिहिला. एका दुपारी चार पानं माझ्यापुढं ठेवली. तेच देखणं अक्षर. 'एक मातीची चूल, लाथ मारून उलटलेली. एक पत्र्याचा डबा, पालथा. बाजरीचे पीठ, अंदाजे दोन पायली, मातीत कालवलेले. एक वृद्ध स्त्री, पिठाकडे बघत उभी. काही बोलली नाही.'

शेवटी दोन रेघा रिकाम्या. पंच क्रमांक एक. पंच क्रमांक दोन.

"सही करा," ते म्हणाले.

"जमादार, मी तिथं नव्हते."

"त्या दिवशीचे पंचबी न्हवते. त्यांनी ठाण्यातच बसून सह्या केलत्या."

"मग हाही तसलाच होईल ना?"

बोलून गेले आणि मला वाईट वाटलं. त्यांनी मात्र मान हलवली, मुद्रितातली चूक कुणी दाखवून दिली की हलवायचे तशी. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. "तिथं असलेलंच मानूस पायजे." कागदाची घडी करून त्यांनी शर्टाच्या आत ठेवली आणि जिना उतरले. त्यानंतर ते कार्यालयात आले नाहीत.

पालीच्या माळावरची ती पालं केव्हाच उठली होती. लोक कुठं गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. जमादारांची लेक चौसाळ्याला दिलेली. आता ते तिच्याकडं असतात. एकदा तिनं फोनवर सांगितलं, "बाबा घरात टिकतच न्हाईत. सकाळी डबा घेऊन निघत्यात. कुठं कुठं पारध्यांच्या वस्त्यांवर जात्यात. परवा कुत्री अंगावर आली. काय हुडकत्यात ते सांगत न्हाईत. तुमाला म्हाइतीय का?" मी नाही म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक.

मागच्या महिन्यात मी एसटीनं बीडकडं परत येत होते. रस्त्याला काम चालू होतं म्हणून गाडी माळावरच थांबली. खिडकीतून पाहिलं तर लांब आठ-दहा पालं होती, आणि त्यांच्या अलीकडं, हाक पोचेल एवढ्या अंतरावर, भर उन्हात जमादार उभे होते. आत जात नव्हते. कुणी त्यांना या म्हणत नव्हतं, जा म्हणत नव्हतं. पालांच्या दारातून बायका नुसत्या बघत होत्या. मग एक म्हातारी बाहेर आली. कमरेवर हात ठेवून थोडं अंतर चालली आणि थांबली. तिनं लांबूनच काहीतरी विचारलं. जमादारांनी शर्टातून कागद काढला, उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. काचेतून मला शब्द ऐकू येत नव्हते. म्हातारी मात्र ऐकत होती. कंडक्टरनं घंटी दिली.